पोटावरची पिशवी गळते तेव्हा: दुकान बंद करू नका, माप तपासा

व्यापार-उदीमाच्या पानावर आजाराची गोष्ट कशाला, असे काही वाचक विचारतील. कारण साधे आहे. आपल्या बिरादरीत बहुतेकांचा रोजगार हातावर आणि गल्ल्यावर चालतो. घरातला कमावता माणूस दुकानात बसायचा थांबला की महिन्याभरात घराचा तोल जातो. आणि काही माणसे आजारामुळे नव्हे, तर केवळ लाजेमुळे दुकानात बसायची थांबतात. आतड्याची शस्त्रक्रिया होऊन पोटावर पिशवी लागलेली माणसे अशांपैकी आहेत. ऑपरेशन यशस्वी होते, जखम भरते, ताकद परत येते. पण पिशवी कधी गळेल याचा भरवसा नसतो, म्हणून ती व्यक्ती बाजारात, मस्जिदीत, लग्नाच्या पंगतीत जात नाही.

ही गळती नशिबाचा भाग नाही. बहुतेक वेळा तिचे कारण शोधता येते आणि दुरुस्तही करता येते. नळाचा सांधा गळत असेल तर आपला मिस्त्री वरून लांबी थापत बसत नाही. तो आधी पाणी बंद करतो, सांधा कोरडा करतो, आट्या पाहतो, माप बघतो. पोटावरची पिशवी हाही एक सांधाच आहे. एका बाजूला जिवंत कातडी, दुसऱ्या बाजूला चिकटणारी चकती. या सांध्याचा हिशोब आज समजून घेऊ.

स्टोमा म्हणजे काय, आणि तो कोणाला लागतो

आतड्याचा किंवा लघवीचा नेहमीचा मार्ग काढावा लागला, अथवा काही काळ बंद ठेवावा लागला, की सर्जन आतड्याचे तोंड पोटावर आणून शिवतात. त्या लाल, ओलसर तोंडाला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचे तोंड असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचे असेल तर इलिओस्टॉमी आणि लघवीसाठी केलेला मार्ग असेल तर युरोस्टॉमी. स्टोमाला वेदना जाणवत नाही आणि त्याला दाबून धरणारा स्नायू नसतो. म्हणून जे बाहेर येते ते आपल्या इच्छेने थांबत नाही. ते झेलण्यासाठी पिशवी लागते.

केवळ कॅन्सरमुळेच स्टोमा करावा लागतो, हा समज चुकीचा आहे. टायफॉइडने किंवा टीबीने आतड्याला भोक पडणे, आतडे अडकणे, अपघातात पोटाला मार लागणे, बैलाचे शिंग लागणे, जन्मतः गुदद्वार नसणे अशा अनेक कारणांनी तो करतात. यांपैकी बरेच स्टोमा तात्पुरते असतात आणि काही महिन्यांनी दुसऱ्या ऑपरेशनने बंद केले जातात. पण ते महिनेही माणसाला पोट भरायचे असतेच.

आपला धाराशिव (उस्मानाबाद) जिल्हा या बाबतीत अगदीच आडबाजूला नाही. शेजारच्या बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शी, परंडा आणि भूम या भागांतील खेड्यांसाठी १९८७ पासून कॅन्सर रुग्णांची नोंदवही ठेवली जाऊ लागली. ग्रामीण भागासाठी अशी नोंदवही ठेवण्याचा भारतातील तो पहिला प्रयत्न होता. पुढे १९९९ पासून याच जिल्ह्यातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये जगभर वाचले गेले. गर्भाशयमुखाचा कॅन्सर मूत्राशयापर्यंत किंवा गुदाशयापर्यंत पोहोचला तर त्या स्त्रीलाही कधी कधी स्टोमा करावा लागतो.

ऑपरेशन बार्शीला, सोलापूरला, लातूरला किंवा मुंबईला होते. पण माणूस परत येतो तो कळंबला, उमरग्याला, लोहाऱ्याला किंवा नळदुर्गला. गावात त्याच्यासारखा दुसरा कोणी नसतो, किंवा असला तरी सांगत नाही. अडचण येथेच सुरू होते.

या पिशवीमागे एक व्यापाराची गोष्ट आहे

जुन्या काळी स्टोमाच्या रुग्णाला कापडाच्या पट्ट्या, रबराच्या पिशव्या आणि धातूच्या डब्या बांधाव्या लागत. डेन्मार्कमधील एलिझे सोरेन्सन या परिचारिकेची बहीण अशा ऑपरेशननंतर घराबाहेर पडेनाशी झाली. १९५४ मध्ये एलिझेने एक कल्पना मांडली: पातळ प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला चिकटणारी कडी, वापरून झाली की टाकून द्यायची. प्लॅस्टिकच्या पिशव्या बनवणाऱ्या ऑगे लुई-हान्सेन यांनी हा धंदा चालेल का, अशी शंका घेतली. त्यांची पत्नी स्वतः परिचारिका होती. तिने आग्रह धरला आणि माल तयार झाला. त्यातूनच १९५७ मध्ये कोलोप्लास्ट ही कंपनी उभी राहिली. माणसाची गरज नीट ओळखली तर धंदाही उभा राहतो, हे व्यापाऱ्याने त्यातून घ्यावे.

दुसरा धागा थेट हिंदुस्थानच्या जंगलातून जातो. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांच्या लक्षात १९५२ मध्ये आले की कराया डिंकाची भुकटी ओलावा शोषून कातडीला धरून बसते आणि तिचे रक्षण करते. तोवर ही भुकटी कवळी बसवण्यासाठी वापरली जाई. कराया म्हणजे आपल्याकडील कांडोळ झाडाचा डिंक. पांढऱ्या सालीचे हे झाड महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि आंध्रच्या कोरड्या डोंगरांत वाढते. आदिवासी लोक सालीवर घाव घालून डिंक गोळा करतात आणि तो व्यापाऱ्यांमार्फत परदेशी जातो. अत्तारांच्या दुकानात गोंद कतीरा म्हणून जो माल मिळतो त्यातही पुष्कळदा याच जातीचा डिंक असतो. रमजानमध्ये सरबतासाठी तो भिजत घातला की रात्रीत फुगून लगदा होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले आहे.

या फुगण्यातच चकतीचे सारे रहस्य आहे. ती कातडीचा घाम थोडा थोडा शोषून घेते आणि त्यामुळे कातडी कोरडी राहते. पण शोषायलाही मर्यादा असते. पाणी फार झाले की लगदा होतो आणि पकड सुटते. कराया उष्णतेत व लघवीत लवकर विरघळतो, म्हणून पुढे पेक्टिन, जिलेटिन, सेल्युलोजपासून केलेला चिकट पदार्थ आणि रबरासारखा एक पदार्थ मिसळून टिकाऊ चकत्या निघाल्या. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक चकत्या या प्रकारच्या असतात. दुकानदार त्यांना फ्लँज म्हणतात.

येथे एक ताकीद. बाजारातला गोंद घरी कुटून कातडीला लावू नये. तो औषधासाठी शुद्ध केलेला नसतो आणि सोललेल्या कातडीला झोंबतो.

गळती कोठून होते ते आधी वाचा

पिशवी गळली की माणूस घाबरतो, घाईने चकती ओढून काढतो आणि कचऱ्यात टाकतो. ही पहिली चूक. काढलेली चकती उलटी करून पाहा. तिच्या मागच्या बाजूवर गळतीचा नकाशा उमटलेला असतो. जिथे मळ शिरला तिथला थर विरघळलेला, पांढरट, फुगलेला दिसतो. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे त्याची जागा लिहून ठेवा: डोक्याकडे १२, पायाकडे ६, आणि आपल्या डाव्या-उजव्या बाजूला ३ व ९.

सलग तीन चकत्यांची अशी नोंद ठेवली की कारण आपोआप समोर येते.

गळती दर वेळी एकाच जागेवरून, समजा ६ वाजता, होत असेल तर त्या जागी कातडीला घडी किंवा खड्डा आहे. चकती चारही बाजूंनी सारखी विरघळत असेल तर भोक मोठे कापले आहे किंवा चकती फार दिवस ठेवली आहे. चकती न विरघळता पापुद्र्यासारखी सुटून येत असेल तर कातडीवर तेल, साबण, घाम किंवा पावडर राहिली आहे. चकती जागेवर असून पिशवीच्या जोडातून गळत असेल तर दोन भागांची मापे जुळत नाहीत किंवा कडी नीट बसलेली नाही.

कारणे आणि इलाज

*माप.* चकतीचे भोक स्टोमापेक्षा सर्व बाजूंनी साधारण २ ते ३ मिलिमीटर मोठे असावे, त्याहून जास्त नको. मोठे भोक म्हणजे उघडी कातडी, आणि उघड्या कातडीवर मळ साचतो. फार लहान भोक स्टोमाला कापते. ऑपरेशननंतर पहिले ६ ते ८ आठवडे स्टोमाची सूज उतरत असते, म्हणून या काळात दर आठवड्याला माप घ्या. हॉस्पिटलात पहिल्या दिवशी दिलेल्या मापाने सहा महिने चकत्या कापत राहणे हे गळतीचे फार मोठे कारण आहे. जाड कागदावर स्टोमाच्या आकाराचा नमुना कापून ठेवा. शिवणकाम करणाऱ्या भावांना हे सांगायला नको: नमुना बरोबर असेल तर कापड वाया जात नाही. स्टोमा लंबगोल असेल तर भोकही लंबगोल कापा. कापल्यावर कडेवरून बोट फिरवून खरखर घालवा.

*कातडी.* कोमट पाणी आणि मऊ कापड पुरेसे आहे. साबण लावलाच तर साधा घ्या, तेलकट किंवा सुगंधी नको, आणि तो पूर्ण धुऊन काढा. डेटॉल, स्पिरिट, खोबरेल तेल, क्रीम, टाल्कम पावडर यांपैकी काहीही चकतीखाली लावू नका. कातडी टिपून कोरडी करा, घासू नका. पुसताना स्टोमावर रक्ताचा एखादा थेंब दिसला तर घाबरू नका, तेथे रक्तवाहिन्या वरच असतात. केस असतील तर कात्री किंवा मशीनने बारीक करा. ओढून उपटू नका, नाहीतर मुळाशी पुटकुळ्या येतात.

*वेळ.* सकाळी काही खाण्यापिण्याआधी स्टोमा बहुधा शांत असतो. बदलण्याचे काम तेव्हाच करा. सामान आधी काढून, माप कापून, मांडून ठेवा.

*दाब आणि ऊब.* चकती तळहातांत किंवा काखेत धरून थोडी गरम करा, मग ती मऊ पडते. पोट ताणलेले राहील असे उभे राहून किंवा आडवे होऊन ती खालून वर लावा. आधी स्टोमाजवळची कड बोटाने दाबा, मग बाहेरची. त्यानंतर तळहात ठेवून निदान दोन-तीन मिनिटे धरा आणि पुढची दहा-पंधरा मिनिटे वाकू नका. ही चकती दाबाने आणि उबेने धरते. लावली आणि लगेच दुकानाचे शटर उचलायला गेलो, तर सांधा कच्चाच राहणार.

*घड्या आणि खड्डे.* येथे स्टोमा पेस्ट किंवा मऊ कडी कामाला येते. लक्षात ठेवा, पेस्ट हा गोंद नव्हे, ती भरण आहे. लाकडातली भेग लांबीने भरतो तशी ती फक्त खड्ड्यात भरायची. सगळीकडे जाड थापली तर चकती तिच्यावरून घसरते. बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असते. ती सोललेल्या कातडीवर झोंबते आणि चकती लावण्याआधी मिनिटभर सुकू द्यावी लागते.

*बसलेला स्टोमा.* काहींचा स्टोमा कातडीच्या पातळीवर किंवा आत ओढलेला असतो. सपाट चकती तेथे टिकत नाही, मळ सरळ तिच्याखाली शिरतो. अशांसाठी फुगीर पाठीची चकती मिळते. ती स्टोमाभोवतीची कातडी दाबते आणि तोंड पुढे येते. सोबत कमरेचा पट्टा लावतात. पण ती परिचारिकेला किंवा सर्जनला दाखवल्याशिवाय घेऊ नका. स्टोमाशेजारी हर्निया असेल तर तिच्या दाबाने व्रण होऊ शकतो.

*भरलेली पिशवी.* एक तृतीयांश भरली की रिकामी करा, अर्ध्याच्या पुढे जाऊ देऊ नका. भरलेल्या पिशवीचे वजन चकतीला खाली ओढते. वाऱ्याने फुगली तर वारा काढा, पण सुईने भोक पाडू नका.

*कालावधी.* चकती साधारण तीन ते पाच दिवस टिकावी, काहींची आठवडाभर टिकते. आपल्याकडील एप्रिल-मेच्या उन्हात हा काळ कमी होतो. गळेपर्यंत थांबू नका. चौथ्या दिवशी गळते असा अनुभव असेल तर तिसऱ्या दिवशी बदला. आणि चकतीखाली खाज किंवा आग सुरू झाली तर दिवस न मोजता लगेच काढा. आग होणे म्हणजे मळ आत पोहोचला आहे.

कातडी सोलली असेल तर

गळती आणि सोललेली कातडी यांचे एक दुष्टचक्र आहे. गळतीने कातडी सोलते, सोललेल्या कातडीतून पाणी झिरपते, ओल्या कातडीवर चकती धरत नाही आणि पुन्हा गळती होते. इलिओस्टॉमीत हे लवकर घडते, कारण लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मळात अन्न पचवणारे रस असतात आणि ते कातडीलाही पचवतात.

चक्र तोडण्याची रीत अशी. कातडी धुऊन टिपा. ओल्या भागावर स्टोमा पावडर शिंपडा. ही अंगाला लावायची पावडर नव्हे, औषध दुकानात वेगळी मिळते. चिकटेल तेवढी राहू द्या, बाकीची झटकून टाका. वरून न झोंबणारे बॅरियर फिल्म लावून सुकू द्या. ओलावा जास्त असेल तर असे दोन-तीन थर द्या, मग चकती लावा. कातडी बरी झाली की पावडर बंद करा. निरोगी कातडीवर ती चकतीची पकड उलट कमी करते.

कातडी पाहूनही कारण ओळखता येते. लाली फक्त स्टोमाला लागून किंवा एका बाजूला असेल तर ती गळतीची. लालीचा आकार हुबेहूब चकतीसारखा किंवा पट्टीसारखा असेल तर त्या मालाची ॲलर्जी असू शकते, दुसऱ्या बनावटीची चकती वापरून पाहावी लागते. मोठ्या लालीभोवती लहान लाल ठिपके आणि खूप खाज असेल तर तो घामातला बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यावर डॉक्टर बुरशीनाशक पावडर देतात. मलम नको, कारण मलमावर चकती धरत नाही.

चकती काढताना एका हाताने कातडी खाली दाबा आणि दुसऱ्या हाताने चकती वरून खाली हळूहळू सोडवा. ओले कापड मदतीला घ्या. बँडेज ओढावे तशी ओढलेली चकती कातडीचा वरचा थर घेऊन येते.

आपापल्या धंद्याप्रमाणे

ज्यांचे ऑपरेशन अजून व्हायचे आहे आणि घाईचे नाही, त्यांनी ही गोष्ट विसरू नये. स्टोमाची जागा ऑपरेशनआधी पेनने आखून घ्यायची असते. त्या वेळी सर्जनला आपला धंदा सांगा. बसून, उभे राहून, वाकून दाखवा. नमाजी असाल तर रुकू आणि सजद्याच्या स्थितीतही पोटाला घडी कोठे पडते ते दाखवा. पायजम्याचा नाडा, पट्टा किंवा साडीची गाठ कोठे येते तेही सांगा. योग्य जागी केलेला स्टोमा अर्धी गळती आधीच थांबवतो.

शिलाई मशीनवर किंवा गादीवर मांडी घालून बसणाऱ्यांच्या पोटाला दिवसभर घडी पडते. त्यांनी उंच स्टूल घ्यावे आणि मऊ कडी वापरून पाहावी. बेकरी, वेल्डिंग आणि भट्टीवर काम करणाऱ्यांना घाम फार येतो. त्यांनी चकती लवकर बदलावी, पिशवीखाली सुती कापडाचे अस्तर ठेवावे आणि ठिणग्यांपासून पोट झाकावे. बागवान, कुरेशी, गवंडी आणि हमाल भावांसाठी वजनाचा प्रश्न गंभीर आहे. ऑपरेशननंतर निदान ६ ते ८ आठवडे, आणि सर्जन सांगतील तर त्याहून अधिक काळ, जड क्रेट, पोती, धड उचलू नका. स्टोमाशेजारी हर्निया झाला की पोटाचा आकार बदलतो आणि कालपर्यंत बसणारी चकती आज बसत नाही. नंतरही वजन उचलताना आधाराचा पट्टा लावावा.

दुकानात एका छोट्या पिशवीत कापलेली एक चकती, एक पिशवी, ओले कापड, कोरडे कापड, कचऱ्यासाठी काळी पिशवी आणि एक पायजमा ठेवा. गळती झालीच तर दहा मिनिटांत माणूस पुन्हा गल्ल्यावर बसतो. निम्मी भीती ही तयारी असल्यानेच जाते.

नमाज, रोजा आणि चकतीतला पदार्थ

पुष्कळ भाऊ स्टोमा झाल्यावर नमाज सोडून देतात, कारण आपण पाक राहू शकत नाही असे त्यांना वाटते. फिकहमध्ये अशा माणसासाठी जागा आहे. ज्याचा वुजू सतत तुटतो आणि एका नमाजच्या पूर्ण वेळेत वुजू टिकवून फर्ज अदा करण्याइतकी सवड मिळत नाही, त्याला हनफी फिकह मअजूर मानते. त्याने प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी नवा वुजू करावा, ती वेळ संपेपर्यंत तो पुरतो. आपल्याला हा हुकूम लागू होतो का, हे जवळच्या आलिमांना सविस्तर सांगून विचारा. लाजू नका. व्यवहारात एवढे करा: वुजूआधी पिशवी रिकामी करा, म्हणजे सजद्यात दाब येत नाही.

रोजाच्या बाबतीत इलिओस्टॉमीवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये. मोठ्या आतड्याचा उपयोग होत नसल्याने त्यांच्या शरीरातून पाणी आणि मीठ जास्त जाते. उन्हाळ्यातला रोजा त्यांना धोक्यात घालू शकतो. आजाऱ्याला सवलत कुरआनने सूरह बकरामध्येच दिलेली आहे. मळ फार पातळ झाला तर नुसते पाणी ढोसू नका. १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, किंवा दवाखान्यातले ओआरएस घ्या. भात, केळी, साबुदाणा यांनी मळ घट्ट होतो आणि गळतीही कमी होते. मक्याची कणसे, शेंगदाणे, खोबरे, सुका मेवा इलिओस्टॉमीवाल्यांनी थोडे आणि फार चावून खावे, त्यांनी तोंड तुंबू शकते.

चकतीतील जिलेटिन कोणत्या जनावराचे, हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणारच. प्रत्येक कंपनीचे मिश्रण वेगळे असते आणि काही चकत्यांत जिलेटिन नसतेही. कंपनीला लेखी विचारा, पर्याय मिळतो का ते पाहा आणि आलिमांचे मत घ्या. ही चकती खाण्याची वस्तू नाही, इलाजाची आहे. उत्तर येईपर्यंत पिशवी काढून टाकून जखम करून घेऊ नका.

खिशाचा हिशोब आणि औषध दुकानदारांना दोन शब्द

हा माल स्वस्त नाही, हे खरे. म्हणूनच कोठे बचत करावी हे कळले पाहिजे. चकती पाच दिवस टिकली तर महिन्याला ६ लागतात. रोज गळली तर ३० लागतात. म्हणजे बरोबर मापाची थोडी महाग चकती बहुधा स्वस्तच पडते. ताठ पट्टीने ओढूनताणून एक दिवस जास्त काढला तर कातडी सोलते आणि मग पावडर, फिल्म, डॉक्टर असा दुप्पट खर्च येतो. तळाला उघडणारी पिशवी रिकामी करून पाण्याने विसळून वापरता येते. चकती मात्र एकदा काढली की पुन्हा लावू नये.

काही कारागीर हुशारीने सायकलच्या ट्यूबचे सोल्यूशन, फेविकॉल किंवा फेविक्विक वापरतात. हे कधीही करू नका. ही रसायने कातडी जाळतात आणि मग कोणतीच चकती धरत नाही.

औषध दुकानदार भावांनी चार गोष्टी पाळाव्यात. दोन भागांच्या मालात चकतीच्या कडीचे माप आणि पिशवीचे माप एकच हवे, आणि एका कंपनीची कडी सहसा दुसऱ्या कंपनीच्या पिशवीत बसत नाही. गिऱ्हाइकाकडून जुन्या पाकिटावरचे नाव आणि क्रमांक मागून घ्या. पत्र्याच्या तापलेल्या माळ्यावर चकत्या ठेवू नका, उष्णतेने त्यांचा चिकट थर बिघडतो. गरिबाला पूर्ण खोका परवडत नसेल तर बंद पाकिटातली एक-दोन नगे द्या. आणि हा माल मागणाऱ्याशी बाजूला घेऊन हळू बोला. गावात एका गिऱ्हाइकाचे नाव फुटले तर दुसरे गिऱ्हाईक दुकानात पाऊल टाकणार नाही.

केव्हा थांबायचे नाही

स्टोमा काळा, जांभळा किंवा फिका पडला, रक्त दाबूनही थांबले नाही, कित्येक तास काहीच बाहेर आले नाही आणि सोबत पोटात कळा व उलट्या आहेत, स्टोमा एकदम खूप बाहेर आला किंवा आत गेला, लघवी कमी होऊन चक्कर येऊ लागली, तर चकतीची दुरुस्ती करत बसू नका. लगेच हॉस्पिटल गाठा. कातडी चार-आठ दिवसांत सुधारली नाही तरीही दाखवा.

जाताना गळलेली चकती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या. ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झाले तेथील सर्जरी विभागात स्टोमाची परिचारिका आहे का ते विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात स्टोमा क्लिनिक आहे. मुंबईतच १९७५ पासून ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही स्टोमा झालेल्यांची स्वतःची संस्था काम करते. सरकारी आरोग्य योजनेत काय बसते हे हॉस्पिटलातील आरोग्यमित्राला ऑपरेशनआधीच विचारून घ्या.

शेवटी घरच्यांना आणि जमातीला एक विनंती. नाकाला रुमाल लावणे सोपे आहे. पण नीट बसलेली पिशवी शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. अशा माणसाला मस्जिदीच्या सफेत, बाजाराच्या पेढीवर आणि पंगतीत नेहमीची जागा द्या. आणि ज्यांना पिशवी लागली आहे त्यांनी उद्या सकाळी एवढेच करावे: काढलेली चकती उलटी करून पाहावी, गळतीची जागा लिहून ठेवावी आणि स्टोमाचे माप पुन्हा घ्यावे. बाकीची दुरुस्ती तेथूनच सुरू होते. इन्शाअल्लाह, शटर उघडे राहील.